हजेरी नसलेला वर्ग

शाळेत मॉनिटर व्हायला फार काही लागत नाही. उंची बरी हवी, अक्षर बरं हवं आणि वर्गशिक्षिकांच्या डोळ्यांत आपण भरायला हवं. मग खडू हाती येतो. फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे' असा मथळा पडतो आणि बाई येईपर्यंत एक छोटं राज्य सुरू होतं. नाव लिहिलं की पोरं गप्प. ते पुसलं जावं म्हणून मधल्या सुट्टीत पेरूची फोड, तीही तिखटमीठ लावलेली. सातवीत मी हे राज्य मनसोक्त उपभोगलं आहे. प्रगतिपुस्तकात बाईंनी 'नेतृत्वगुण आहेत' असा शेराही मारला होता. धाकाला हे भारदस्त नाव द्यायची आपल्याकडची रीत जुनीच.

आठवीत आम्ही आकाशमंडळ काढलं आणि ज्यांच्यावर माझा काडीचाही अधिकार नव्हता अशा मुलामुलींसमोर उभं राहायची वेळ आली.

निमित्त होतं २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणाचं. राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास दिसलं, आमच्या सांगली जिल्ह्यात खंडग्रास. दिवाळीतली सकाळ असूनही आमच्या गल्लीत दारं-खिडक्या बंद होत्या, हंड्याकळशांत तुळशीची पानं पडली होती आणि घरोघरी माणसं दूरदर्शनवर ग्रहण बघत होती. अंगणात उतरलं असतं तर तोच सूर्य डोक्यावर होता! सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा वर्गात खूप चर्चा झाली, पण प्रत्यक्ष ग्रहण पाहिलेलं पोर सापडेना. तेव्हा आम्ही तिघं-चौघं आकाश बघायला मंडळ काढायची परवानगी मागायला हेडसरांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "शिकवणार कोण?" आम्ही म्हणालो, आमचं आम्हीच. सर हसले नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळा वापरा म्हणाले. पैसे मिळणार नाहीत, शिक्षक मिळणार नाहीत, आणि हजेरी घ्यायची नाही. ज्याला यायचं तो येईल.

या शेवटच्या अटीत काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कळलं नाही.

पहिल्या शनिवारी प्रयोगशाळेत उभं राहायला जागा नव्हती. नवलाईचे नऊ दिवस म्हणतात, ते आमच्या वाट्याला नऊसुद्धा आले नाहीत. महिन्याभरात बाकांवरची धूळ दिसू लागली. मॉनिटर असते तर न आलेल्यांची नावं फळ्यावर लिहिली असती. इथे लिहून काय होणार? मग एकेकाला मधल्या सुट्टीत गाठून विचारायला सुरुवात केली. कंटाळा आला असेल, अभ्यास असेल, अशी उत्तरं येतील असं वाटलं होतं. निघालं भलतंच. वाडीवरच्या पोरांची एसटी दीडला सुटायची आणि पुढची थेट साडेपाचला. दोघांना दुपारी म्हशी सोडायच्या असत. एक मुलगी धाकट्या भावाला बालवाडीतून घरी न्यायची. कुणालाही आकाशाचा कंटाळा आलेला नव्हता.

त्या आठवड्यात मी एसटी स्टँडवर जाऊन खिडकीशेजारच्या फलकावरचं वेळापत्रक वहीत उतरवून घेतलं. मंडळाची बैठक शाळा सुटल्या सुटल्या सुरू होऊन सव्वाला संपेल असं ठरवलं. धाकट्या भावाला बरोबर आणायची मुभा दिली. तो मृग नक्षत्राच्या चित्रात लाल खडू भरत बसायचा आणि बाकीच्यांपेक्षा आधी व्याध ओळखायला शिकला. नेतृत्वावरची पुस्तकं मी पुढे नोकरीत पुष्कळ वाचली, कंपनीनं वाचायला लावली. एसटीच्या फलकाची सर त्यातल्या एकालाही नाही.

वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा मंडळात येऊन सुधारला, अशी गोष्ट इथे सांगायला हवी. तसं काही झालं नाही. तो मंडळातही दंगेखोरच राहिला आणि बहिर्गोल भिंगानं माझ्या वहीचा कोपरा जाळून मोकळा झाला.

किल्लीचा प्रश्न वेगळाच होता. हेडसरांनी परवानगी दिली होती. किल्ली होती शिपाईमामांच्या कमरेला. आम्ही सव्वापर्यंत बसलो की मामांचं जेवण सव्वापर्यंत लांबायचं, हे परवानगी देणाऱ्याच्या लक्षात नव्हतं आणि घेणाऱ्यांच्याही. मामा तोंडानं काही बोलत नसत, किल्ल्यांचा जुडगा मात्र वाजवत राहत. शेवटी आमच्या खजिनदारानं तोड काढली. मामांचा डबा प्रयोगशाळेतच आणायचा, त्यांना कडेच्या टेबलावर निवांत जेवू द्यायचं आणि बाक आम्हीच सरळ करून खोली झाडून द्यायची. पुढे मामा जेवता जेवता मधूनच म्हणायचे, "ते सप्तर्षीचं परत सांगा की." त्यांच्या गावाकडे त्याला बाजलं म्हणत आणि बाजल्याच्या शेपटाकडचे तीन तारे म्हणजे बाजलं चोरायला आलेले तीन चोर. आमच्या पुस्तकात हे नव्हतं, म्हणून आम्ही ते मंडळाच्या वहीत लिहून घेतलं, खाली मामांचं नाव घालून.

डिसेंबरात दुर्बीण मिळाली. गावातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी स्वतः आरसा घासून तीन इंची दुर्बीण बनवली होती, ती घेऊन ते शाळेच्या मैदानावर यायला तयार झाले. संध्याकाळी कुंभ राशीत शनी होता. अख्खं गाव लोटलं असतं. मकर, कुंभ आणि मीन राशीची, म्हणजे साडेसातीतली मंडळी तर नक्कीच. पण पोस्टमास्तरकाकांनी आधीच बजावलं: यंदा कडं दिसणार नाही. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि साधारण दर पंधरा वर्षांनी त्याचं कडं आपल्याला नेमकं कडेनं दिसतं. व्यास अडीच लाख किलोमीटरांहून जास्त, जाडी मात्र काही मीटरांत मोजावी इतकी. लहान दुर्बिणीतून पाहणाऱ्याला नुसता पिवळट ठिपका.

मंडळात कडाक्याचं भांडण झालं. एक पक्ष म्हणाला, कार्यक्रम पुढे ढकला. दुसरा म्हणाला, बोलवा, आल्यावर बघू. चंद्र दाखवून वेळ मारून नेऊ. मी या दुसऱ्या पक्षात होते. एरवी बैठकीत तोंड न उघडणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "जे दिसणार नाही तेच फळ्यावर लिहू या की." दुसऱ्या दिवशी शाळेच्या दर्शनी फळ्यावर सुविचाराच्या जागी तिच्या अक्षरात मजकूर होता: शनीचे कडे यंदा दिसणार नाही. का, ते पाहायला या.

लोक आले. दुर्बिणीला डोळा लावून बाजूला झालेल्या प्रत्येकाला सातवीतला एक बुटका पोरगा स्टीलची ताटली दाखवायचा. ताटली समोर धरायची: हे बघा कडं. मग हळूहळू आडवी करत डोळ्यांच्या रेषेत आणायची. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधलेला, त्या उजेडात ताटलीची तांबूस रेघ उरायची आणि तीही दिसेनाशी व्हायची. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. ताटली त्यानं घरून आणली होती. मी प्रास्ताविक पाठ करून आले होते. ते मी म्हटलंच नाही, कारण रांग त्याच्यापाशी थांबत होती.

मुलींना रात्री मैदानावर यायला परवानगी मिळवणं हे मात्र त्या कार्यक्रमातलं खरं काम. घरोघर जायचं, चहाला नाही म्हणायचं नाही, आणि काकूंशी नव्हे तर आजीशी बोलायचं. कोण कुणाला घरी सोडणार याचा कागद दाखवायचा. दोन घरांतून स्पष्ट नकार आला. तेव्हा फार अपमान वाटला होता. पुढे वाचनात दादाभाई नौरोजींच्या आठवणी आल्या. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या तरुणांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनानं स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. निबंध वाचावेत, वाद घालावेत एवढ्यासाठी जमलेली ही मंडळी पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा चालवू लागली, सुरुवातीला बिनपगारी. जगन्नाथ शंकरशेटांनी जागा दिली. मुली मिळवायला हे तरुण घरोघर फिरत, तेव्हा काही घरांतून त्यांना पायऱ्यांवरून ढकलून द्यायचंच बाकी ठेवलं होतं. आम्हाला निदान चहा तरी मिळाला.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना पत्र लिहायचा घाटही त्याच वर्षीचा. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठवा, मी सहीनिशी उत्तर देईन. प्रश्न सगळ्यांकडे होते, कार्ड एकच पाठवायचं ठरलं. कुणाचा प्रश्न लिहायचा, यावर तीन शनिवार गेले. ज्यांचे प्रश्न गाळले गेले ती मुलं चौथ्या शनिवारी यावीत म्हणून किती आटापिटा करावा लागला, ते खजिनदार आणि मी जाणतो.

नववी संपत आली तेव्हा हेल-बॉप धूमकेतू आला. १९९७ च्या एप्रिलमध्ये सूर्य मावळला की वायव्येला तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. दुर्बीण नको, परवानगी नको, गच्चीवरून सगळा गाव बघत होता. लाइट गेले की अजून छान. तेवढ्यात आमची वार्षिक परीक्षा उरकली आणि दहावीचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. मराठी शाळेतल्या कुठल्याही मंडळाचं आयुष्य या दहावीनं आखून दिलेलं असतं. आठवी-नववी काय ती तुमची. त्यानंतर तुम्ही मंडळात असलात तर घरचे, शिक्षक आणि क्लासवाले मिळून तुमचा निकाल लावतात. म्हणजे मंडळ उभं करायला लागायच्या आतच ते कुणाच्या हाती द्यायचं हे बघावं लागतं.

मुलांनी हात वर करून ताटलीवाल्याला निवडलं. जूनमध्ये त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे पावसाळ्यात आकाश दिसत नाही म्हणून मंडळाला पक्षी बघायला नेलं. मला ते अजिबात आवडलं नाही. आकाशमंडळानं बगळे मोजावेत? पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं काही कारणही नव्हतं. दहावीच्या वर्गाच्या खिडकीतून शनिवारी ती पोरं ओढ्याकडे जाताना दिसायची, आमच्या वेळेपेक्षा जास्तच असायची. दिवाळीनंतर ती परत आकाशाकडे वळली, बगळेही सुटले नाहीत.

शनीचं कडं २०२५ मध्ये पुन्हा तसंच कडेनं दिसलं. आता ते उघडत जाईल आणि पुढची काही वर्षं लहान दुर्बिणीतूनही झकास दिसेल, तेव्हा मंडळ काढायला मुहूर्त बरा आहे. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: मुलं परवानगी मागायला आली तर एक खोली द्या, शिपाईमामांच्या जेवणाची वेळ विचारात घ्या, अध्यक्ष तुम्ही नेमू नका, आणि कृपा करून हजेरी घेऊ नका.