गोळी न लागलेल्या बायका

१९४२ च्या उठावाच्या आठवणीचा चिमूरचा सोळा ऑगस्टचा कार्यक्रम संपला तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही होत होती. वक्ते तासभर बोलले. भाषणांत बालाजी रायपूरकर आले, तुकडोजी महाराजांची भजनं आली. लष्कर आल्यावर गावातल्या बायकांवर काय गुदरलं, याबद्दल चकार शब्द नाही.

आम्हा चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, लोकांना त्या दिवसाची हकिकत पाठच असते. १९४२ ची नागपंचमी, प्रभातफेरी, गोळीबार, कोवळा बालाजी पडला, लोक खवळले, डाकबंगला पेटला, चार सरकारी माणसं मारली गेली. वरोऱ्याच्या वाटेवर झाडं आडवी पडली आणि दोन-तीन दिवस चिमुरात इंग्रजांचं राज्य उरलं नाही.

मग १९ ऑगस्टला लष्कर आलं. ब्रह्मदेश हातचा गेलेला, जपान दाराशी आलेला. सरकारला चिमूर म्हणजे महायुद्धाच्या पिछाडीला लागलेली आग वाटत होती. पुरुषांची धरपकड झाली. जे सुटले ते रानात गेले. घरात राहिल्या बायका, त्यात गरोदर होत्या, बाळंतिणी होत्या. शिपाई दारं फोडून आत शिरले, घरं लुटली आणि बायकांची अब्रू घेतली.

वडिलांची आत्या त्या साली चिमुरात नवी नवरी होती. मी एकदाच विचारलं. "कायले इचारतेस बापू? सिपायी आले, आमी वावरात पराले," एवढंच बोलली आणि सुपातले तांदूळ निवडत राहिली. पराली, एवढंच खरं की आणखी काही, ते मी पुन्हा विचारलं नाही. पण आमच्याकडे मुक्कामाला आली की रात्री दाराला आगळ घालून वर पाटाही टेकवायची. आई सकाळी तो बाजूला करायची. तिला कोणी कधी टोकलं नाही.

नागपूरहून डॉ. मुंजे चिमूरला जाऊन आले. रमाबाई तांबे आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रियांनी बायकांच्या तोंडून सारं ऐकून घेतलं. ज्या काळात असलं काही घरच्यांनाही सांगत नसत, त्या काळात या बायका परक्यांपुढे बोलल्या. त्यावर सरकार काय म्हणालं? चौकशी नाही. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी दिल्लीला बापूजी अण्यांच्या दारात जाऊन बसले. अणे तर आपल्या वणीचे, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात. भन्साळींना तिथून पकडून परत पाठवलं. सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडलं, ते ६३ दिवस. त्या उपवासाची बातमीही छापू नका, असा हुकूम निघाला, तेव्हा निषेध म्हणून अनेक वर्तमानपत्रांनी एक दिवस अंकच काढले नाहीत. १२ जानेवारी १९४३ ला तडजोड होऊन उपवास सुटला. बायकांना न्याय मात्र मिळाला नाही. कोणा शिपायाला शिक्षा झाली नाही. आमच्या माणसांना मात्र फाशी सुनावली गेली, आणि ती टळावी म्हणून सर्वांत जास्त कोण झटलं? अनसूयाबाई काळे. पुरुषांच्या गळ्यातला फास एका बाईनं सोडवला, हेही त्या तासाभरात आलं नाही.

स्मारकाच्या दगडावर मेलेल्यांची नावं येतात, मान्य. या बायका मेल्या नाहीत. सडासारवण करत, रोवण्याला जात, पोरं वाढवत पुढची पन्नास-साठ वर्षं त्याच गल्लीत जगल्या. मला वाटतं, त्यांच्यासाठीही एक दगड हवा.

सोळा ऑगस्टला मारल्या गेलेल्या चार सरकारी माणसांत एक नायब तहसीलदार होते, सोनवणे. त्यांच्या घरीही कोणी वाट पाहत असेल. लहानपणी ही हकिकत ऐकताना डाकबंगल्याच्या जागी मी टाळ्या वाजवायचो. आता त्या जागी हात उचलत नाहीत, आणि तरीही चिमूरचा अभिमान तसूभर कमी झालेला नाही. दोन्ही खरं आहे.

घरी येऊन दगडाची गोष्ट बहिणीला सांगितली. ती उखडलीच. "आत्यानं जन्मभर जे तोंडातून काढलं नाही, ते तू चौकात लावणार?" म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. नावं नकोत, हे मला पटतं. पण पुढच्या सोळा ऑगस्टला कोणी बोललं नाही, तर मी उठून बोलणार आहे, हे मी तिला सांगून ठेवलं आहे.