पहिल्या गिअरचा सूर

कुंभार्ली घाटाची चढण लागली, की बाबा जीप जवळजवळ थांबवत, क्लच दाबून क्षणभर वाट पाहत आणि मग पहिला गिअर टाकत. त्यासरशी पायाखालच्या पत्र्यातून एक लांब, उंच, किंचित अनुनासिक सूर उठे आणि माझ्या तळपायांतून गुडघ्यांपर्यंत चढत येई. बाहेर पाऊस, भिजलेल्या हूडचा वास, आईच्या मांडीवर डब्यांची पिशवी. त्या सुरात सगळ्यांची बोलणी बुडून जात, आणि तसं बुडणं सगळ्यांनाच हवं असे.

पुढे कितीतरी गाड्यांत बसले. तो सूर कुठेच नव्हता.

बाबांनंतर वर्षानुवर्षं पडवीशेजारी उभी राहिलेली ती सीजे-थ्रीबी जीप आता गॅरेजमध्ये उघडून ठेवली आहे. विलिजने 1953 साली अमेरिकेत काढलेलं हे रूप. तिकडे 1968 मध्ये थांबलं, आपल्याकडे महिंद्राच्या हातून पुढेही रस्त्यावर येत राहिलं. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे बाजूला ब्लॉकमध्ये, अशा रचनेमुळे हे हरिकेन इंजिन उंच झालं आणि त्याला सामावून घ्यायला बॉनेटही उंचावलं. बघणाऱ्याला ते बेढब वाटतं. मला त्या उंचीत एक स्वाभिमान दिसतो.

मिस्त्री मायाळू आहेत. “ताई, डिझेल इंजिन बसवू, चार गिअरचा बॉक्स टाकू, मग पहिला गिअर चालत्या गाडीतही अलगद पडेल,” असं ते समजावतात, आणि त्यांचं खरंच आहे. जुन्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला दात्यांचे वेग जुळवून देणारा सिंक्रो नाही, त्याचे दाते सरळ कापलेले. म्हणून तो थांबून, मान देऊन टाकावा लागतो. पण घाटात गाणारे तेच तर सरळ दाते! ते काढले तर गाडी राहील, चढण राहील, आणि बाबांचं ते क्षणभर थांबणं मात्र कायमचं जाईल. बॉक्स तोच राहू दे म्हटलं. बेअरिंगं नवी घाला, दात्यांना हात लावू नका.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी जराही हळवी झाले नाही. चारही चाकांना एकच लाइन. एका जागी गळती झाली, की पायाखालचा पेडल पोकळ. या गाडीत आता माझी मुलं बसणार. तेव्हा दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, सीटबेल्ट, नवं वायरिंग, सगळं आनंदाने बदललं, आणि बाबांनीही तेच केलं असतं याची मला खात्री आहे.

रंगाशी मात्र मन फार रेंगाळलं. पत्रा घासताना बाबांच्या क्रीम रंगाखाली सरकारी खात्याचा राखाडी निघाला, त्याखाली गर्द हिरवा. बाबांनी ही जीप लिलावात घेतली, त्याआधीचं तिचं सारं आयुष्य त्या थरांत दडलेलं. कारखान्यातून आली तशी करायची, तर हिरवाच हवा, असं जाणकार सांगतात. त्यांची निष्ठा मला कळते. पण मी ज्या जीपवर प्रेम केलं, ती क्रीम होती, अंगणात बाबांनी ब्रशने रंगवलेली, दारापाशी ब्रशचे फराटे उमटलेली.

मिस्त्रींना क्रीमच सांगितला आहे. स्प्रेनेच मारा म्हटलं. फक्त डॅशबोर्डच्या आतल्या बाजूचा बाबांचा हात तसाच ठेवा.