दुबईचे पाणी

आमच्या गावाचे नाव पोखर्णी असे सांगितले, की पुण्या-मुंबईची माणसे हटकून विचारतात, "म्हणजे अणुस्फोट झाला तेच का हो?" मग त्यांना समजावून सांगावे लागते, की ते पोखरण. ते राजस्थानात, थरच्या वाळवंटात. १९७४ साली आणि पुन्हा १९९८ साली स्फोट झाले ते तिकडे. आमची पोखर्णी परभणी जिल्ह्यात, परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर. येथे नृसिंहाचे देऊळ आहे, काळी जमीन आहे, आणि स्फोट होतात ते फक्त ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. दोन्ही नावांच्या मुळाशी 'पुष्करिणी', म्हणजे तळे, असावे असे माझ्यातल्या मराठीच्या मास्तराला वाटते. वाळवंटाशी आमच्या गावाचा संबंध एवढाच, अशी माझी गेल्या मे महिन्यापर्यंत समजूत होती.

मे महिन्यात दुबईला जाण्याचा योग आला. माझी थोरली बहीण गावातच दिलेली. तिचा मुलगा, आमचे भाचेराव, आय.टी.आय. करून सात वर्षांपूर्वी तिकडे गेला. एसी दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. "मामा, सुट्टीत या," असा त्याचा दरवर्षी फोन. यंदा तिकीटच काढून पाठविले. निघताना अक्काने मजजवळ दोन गोष्टी दिल्या. एक ज्वारीच्या पिठाचा डबा, आणि दुसरी ताकीद. "बोअरचं काही बोलू नकोस त्याच्यापाशी," ती म्हणाली.

त्याचे असे झाले, की भाच्याने पाठविलेल्या पैशांतून दाजींनी गेल्या वर्षी विहिरीशेजारी बोअर घेतला. साडेचारशे फूट खाली गेले तरी वर आला तो नुसता धुरळा. त्याला मात्र फोनवर "दोन इंची पाणी लागलं" असे सांगून ठेवले होते. उन्हातान्हात राबणाऱ्या पोराला कशाला दुःख द्या, असा त्यात विचार. माझा स्वभाव पडला वर्गात खरे बोलण्याचा, आणि घरात गप्प बसण्याचा. मी मान डोलावली.

दुबईच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकले, आणि मला एकदम दिसेनासे झाले. क्षणभर वाटले, वयाने गाठले! पण भाच्याने हसत माझा चष्मा काढून पुसून दिला. आतल्या गार हवेतून बाहेर आल्याबरोबर काचांवर दव धरले होते. रात्रीचे अकरा वाजलेले, आणि सदरा अंगाला चिकटू लागला. वाळवंट म्हणजे कोरडे, असे आपण शाळेत शिकतो. या शहराची गंमत अशी, की मागे वाळू आणि पुढे समुद्र आहे. तो समुद्रही कसा, तर उथळ. इराणच्या आखाताची खोली सरासरीने पस्तीस मीटरच्या आसपास. परातीतले दूध जसे चटकन तापते, तसे त्याचे पाणी तापते आणि सगळी वाफ शहरावर येऊन बसते. परंतु पाऊस म्हणाल तर नाही. पृथ्वीच्या या पट्ट्यात, पंचविसाव्या अक्षांशाच्या आसपास, वरची हवा खाली उतरत राहते आणि ढगाला डोके वर काढू देत नाही. अंगाला घाम भरपूर, आभाळात थेंब नाही. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरांच्या आतबाहेर. आमच्या परभणीला तेवढा पाऊस जुलैचे पंधरा दिवसही देऊन जातात.

दुसऱ्या दिवशी खाडी पाहिली. गावाचा जन्म या खाडीच्या काठी झाला. एका बाजूला देरा, दुसऱ्या बाजूला बर दुबई, आणि मधून 'अब्रा' नावाच्या लाकडी होड्या; एका दिरहमात पलीकडे. खाडीत वाळू भरून गलबते अडकू लागली, तेव्हा १९५९ ते १९६१ या काळात ती उपसून खोल केली. तेलाचा शोध लागला तो त्यानंतर, १९६६ साली! गाळ आधी काढला आणि तेल मागून आले, ही गोष्ट मला फार आवडली. १९६८ च्या शिरगणतीत येथे एकूण एकोणसाठ हजार माणसे होती; आज अडतीस लाखांच्या वर आहेत. खाडीवरचे हे गाव किनाऱ्याकिनाऱ्याने जेबेल अलीपर्यंत पसरले, आणि आता पाठीमागच्या लाल वाळूत शिरते आहे.

आणखी एक नवल. १९६६ पर्यंत येथे चलन चाले ते आपल्या रुपयाचे. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी निराळ्या नोटाही काढल्या होत्या. आणि आमच्या परभणीत, माझ्या आजोबांच्या उमेदीत, निजामाचा हाली सिक्का चाले. म्हणजे मुंबईचा रुपया दुबईत खपत होता, आणि परभणीकराला तो मोडून घ्यावा लागे!

खाडीजवळ जुनी घरे राखली आहेत. प्रत्येकावर चौकोनी मनोरा, त्याला चारी दिशांना तोंडे. हे वारा धरायचे मनोरे. कुठूनही झुळूक आली तरी ती खाली ओढून घेऊन खोलीत सोडायची. इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही रीत आणली. मला आमच्या धाब्याच्या घराचे सवणे आठवले. मनोऱ्याखाली उभा राहिलो. वारा लागला, फार नव्हे, पण लागला. "यात गॅस भरावा लागत नाही," भाच्याने धंद्याच्या नजरेने वर पाहत शेरा मारला.

शहरातली झाडे पाहून मात्र मी चकित झालो. रस्त्याच्या कडेने खजूर, कडुनिंब, फुलांचे ताटवे. पण वाकून पाहिले, तर प्रत्येकाच्या बुंध्याशी एक काळी नळी. नळी थांबली की झाड गेले. सगळे शहरच जणू सलाईनवर आहे, असे एकदा मनात आले आणि मग जाता जाईना. झाडांना मिळते ते बहुतांशी सांडपाणी शुद्ध करून. माणसांना मिळते ते समुद्राचे. जेबेल अलीला विजेचे प्रचंड कारखाने आहेत. नैसर्गिक वायू जाळून वीज करायची, आणि त्याच उष्णतेने खारे पाणी तापवून त्याची वाफ धरायची. हल्ली पडद्यातून दाबून मीठ गाळण्याची रीतही वाढली आहे. उरलेले जास्त खारट पाणी पुन्हा समुद्रात. आधीच तो खारट, आणि त्यात ही भर. पूर्वी याच गावात गोडे पाणी गाढवांवर डबे लादून विकत. आता ते नळाला येते, आणि कधीच जात नाही.

कधीच जात नाही! हे ऐकून मी तोटी उघडून थोडा वेळ नुसता पाहत उभा राहिलो. आमच्याकडे वर्षाला नऊशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिल आला की बायका टँकरची वाट पाहतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोष पावसाचा म्हणावा, तर तो दुबईच्या नऊपट. खोट आहे ती खालच्या काळ्या पाषाणात. त्याला भेगा असतील तेथे पाणी, नसतील तेथे शेजारच्या शेतातही नाही. चार महिन्यांचा पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो, ओढ्याने वाहून जातो, आणि जो थांबतो त्यातला बराच उसाच्या पोटात. येथे पाणी पावसाचे नाही, पैशाचे आहे. त्याच्या प्रत्येक घोटात वायू जळलेला आहे. मला ते थोर वाटले आणि भीतीही वाटली. यंत्र आठ दिवस बंद पडले तर? भाचा म्हणाला, "मामा, आपली विहीर आठ महिने बंद असते."

विहिरीचा विषय निघालेला पाहून मी घाईने पावसावर आलो. १६ एप्रिल २०२४ चा तो पाऊस त्याने अनुभवला होता. एका दिवसात विमानतळावर सुमारे १४२ मिलिमीटर, म्हणजे दीड वर्षाचा पाऊस. रस्त्यांना गटारे बेताची, जमीन सपाट, किनाऱ्याकडे तर मिठाची चिकण. पाणी जाणार कुठे? मोटारी बुडाल्या, विमाने अडकली. भाचा कंबरभर पाण्यातून चालत खोलीवर गेला. "सगळे घाबरले होते, मला मात्र पोळ्यातला ओढा आठवला," तो म्हणाला.

त्याच्या कामाची जागाही त्याने दाखविली. एसी खोलीत असतो, पण त्याचे धापा टाकणारे अंग असते छपरावर, उन्हात. खालच्या खोल्या गार करण्यासाठी तो वर तापत असतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे. "मग मे महिन्यात?" मी विचारले. "मे महिन्यात टोपी," तो म्हणाला. त्याची मान आणि मनगटे काळवंडली आहेत, हे मला तोवर दिसले नव्हते. चष्मा पुसलेला असूनही.

परतायच्या आदल्या दिवशी, रविवारी, तो मला शहराबाहेर घेऊन गेला. इमारती संपल्या, नळ्या संपल्या, तांबूस वाळू सुरू झाली. आणि त्या वाळूत, कोणी पाणी न घालता, एक हिरवेगार झाड उभे. 'घाफ' म्हणतात, २००८ पासून ते या देशाचे राष्ट्रीय झाड. जवळ जाऊन पाने पाहिली, काटे पाहिले, शेंगा पाहिल्या. अहो, ही तर आपली शमी! पांडवांनी शस्त्रे ठेवली ती. मुळे शंभर फूट खाली जाऊन पाणी शोधतात. तिच्या विरळ सावलीत आम्ही बसलो. डब्यातल्या पिठाच्या भाकरी त्याने पहाटेच उठून थापल्या होत्या.

खाता खाता तो सहज म्हणाला, "मामा, गावात कुणाच्या बोअरला पाणी लागलं, की पहिला फोटो येतो. आमच्या बोअरचा अजून आला नाही."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"किती फुटांपर्यंत गेले?"

"साडेचारशे."

त्याने बोटांवर काही हिशेब केला. मग शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकविली. "आईला सांगू नका, मला कळलं म्हणून," तो म्हणाला.

रात्री अक्काचा फोन आला. सगळ्यांची खुशाली झाल्यावर त्याने विचारले, "आई, बोअर कसा चालतोय?"

"चालतोय की. दोन तास मोटार चालते," पलीकडून अक्काचा खणखणीत आवाज आला.

"बरं झालं," भाचा म्हणाला, आणि त्याने फोन माझ्या हातात दिला.