गणकयंत्र व विज्ञानाचा विद्यार्थी

अमेरिकेंतील हायस्कुलांतून विज्ञान शिकणाऱ्या अनेक मुलांच्या हातीं असें गणकयंत्र असतें कीं, त्यांत सूत्र आगाऊ भरून ठेवितां येतें. प्रश्नांतील संख्या घातल्या, कळ दाबली, कीं उत्तर हजर! तेथील एस. ए. टी. परीक्षेंत १९९४ पासून गणकयंत्रास मुभा आहे. आपल्याकडे बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर मात्र लॉगॅरिदमचीं कोष्टकें चालतील, गणकयंत्र चालणार नाहीं, अशी सूचना छापलेली असते. तेव्हां आपलीं मुलें मागें तर पडत नाहींत ना, असें पालक मला वारंवार विचारितात.

श्रम वांचविणें हें पाप आहे, असें मी म्हणणार नाहीं. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनें १६१४ सालीं लॉगॅरिदमवरील पुस्तक प्रसिद्ध केलें, तें लांबलचक गुणाकार-भागाकारांच्या जाचांतून लोकांस सोडविण्याकरितांच. आज आपण जीं कोष्टकें सोंवळीं मानतों, तींहि एके काळीं जवळचीच वाट होतीं. फरक एवढाच कीं, कोष्टक केवळ अंक देतें. दशांशचिन्ह कोठें द्यावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. त्यामुळें उत्तर शेंकड्यांत यावें कीं हजारांत, याकडे मुलाचें लक्ष राहतें.

तयार प्रोग्रॅमची गोष्ट निराळी. माझा एक भाचा न्यू जर्सींत शिकतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तो आमच्याकडे आला असतां मीं त्यास एक साधें उदाहरण घातलें. २० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून एक चेंडू सेकंदास १५ मीटर वेगानें सरळ वर फेंकला. तो जमिनीवर केव्हां पडेल? गुरुत्वत्वरण १० धरावें. त्याच्या यंत्रांत वर्गसमीकरण सोडविण्याचा प्रोग्रॅम होता. तो एका मित्राच्या यंत्रांतून तारेनें उतरवून घेतलेला. क्षणांत दोन उत्तरें आलीं: ४ आणि उणे १. त्यानें ४ सेकंद लिहिले व यंत्र बंद केलें.

"हें उणे १ कशाचें रे?" मीं विचारिलें.

"तें सोडून द्यायचं असतं, मामा."

उत्तर बरोबर होतें. परीक्षकानें पूर्ण गुण दिले असते. परंतु जें सोडून द्यावयाचें, त्यांतच त्या उदाहरणाचा जीव होता. समीकरणास मनोरा ठाऊक नसतो, कीं फेंकणाऱ्याचा हातहि. चेंडू हातांतून सुटला त्याच्या १ सेकंद आधीं तो जमिनीवरून वर निघाला असता, तर मनोऱ्याच्या माथ्यापाशीं येतांना त्याचा वेग नेमका १५ उरला असता, एवढेंच तें सांगत असतें. त्यासाठीं जमिनीवरून निघतांना वेग २५ हवा. आणि ४ सेकंदांनीं खालीं आपटतांना तोहि २५ च भरतो. हें कागदावर स्वतः मांडून पाहणाऱ्या मुलास ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा पुस्तकांत येण्यापूर्वींच उमगूं लागतो.

म्हणून माझें मत असें कीं, प्रोग्रॅम वापरावा, परंतु स्वतः रचलेला. भाच्यास मीं तोच उद्योग लावून दिला. दोन दिवस तो कुरकुरला. मग त्याचा प्रोग्रॅम चालूं लागला, तेव्हां मीं विचारिलें, हाच चेंडू जमिनीपासून ४० मीटर उंचीवर केव्हां पोंचेल? यंत्र अडलें. वर्गमुळाच्या चिन्हाखालीं ऋण संख्या आली होती. प्रथम त्यानें यंत्रास दोष दिला, नंतर माझ्या प्रश्नास. आणि अखेर कागद घेऊन बसला, तेव्हां त्यास दिसलें कीं, चेंडू ३१.२५ मीटरांवरूनच परत फिरतो. मग त्यानें आपण होऊन प्रोग्रॅमांत एक ओळ वाढविली: मुळाखालीं ऋण संख्या आल्यास 'चेंडू तेथवर जात नाहीं' असें दाखवावें.

परत गेल्यावर त्याच्या त्या मित्रानें हा नवा प्रोग्रॅम लागलीच तारेनें उतरवून घेतला, असें माझ्या बहिणीनें कळविलें आहे.