भिंतीला टांगलेला भार

स्प्लिट वातानुकूलन यंत्राचा खोलीतला भाग हवेतील उष्णता शोषून घेतो आणि भिंतीबाहेरचा भाग, ज्याला कारागिरांपासून ग्राहकांपर्यंत सगळेच आउटडोअर म्हणतात, ती उष्णता बाहेर टाकतो. शीतक वायूवर दाब देणारा कॉम्प्रेसर, त्या तापलेल्या वायूचा द्रव करणारा कंडेन्सर आणि कंडेन्सरवरून हवा खेचणारा पंखा ही सगळी सामग्री एकाच पत्र्याच्या पेटीत असल्याने दीड टनाचे आउटडोअर साधारणपणे 25 ते 40 किलो भरते. येथे टन हे थंडाव्याच्या क्षमतेचे माप असून एक टन म्हणजे सुमारे 3.5 किलोवॉट. ही पेटी कारखान्यातून तपासून येते. तिला धरणारे ब्रॅकेट, बोल्ट, नळ्यांचे सांधे आणि वायर यांचे काम मात्र जागेवर, बहुधा तासा-दोन तासांत आणि पुष्कळदा खिडकीबाहेर अर्धे अंग काढून उरकले जाते. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीच्या करोल बाग परिसरात वरून आउटडोअर कोसळून खाली स्कूटरवर बसलेल्या 18 वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा या दुसऱ्या कामाकडे काही दिवस का होईना, लोकांचे लक्ष गेले.

इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन ब्रॅकेटांवर पेटी बसते, तेव्हा तिचे वजन बोल्टांना खाली दाबतेच, पण त्याबरोबर वरच्या बोल्टांना भिंतीतून बाहेरही ओढते. पेटी 35 किलोची, तिचा गुरुत्वमध्य भिंतीपासून 30 सेंटिमीटरवर आणि वरच्या व खालच्या बोल्टांमधील अंतर 35 सेंटिमीटर मानले, तर वरच्या बोल्टांवर मिळून सुमारे 30 किलोची ओढ येते, आणि ती चांगल्या काँक्रीटमधील बोल्टांना अगदीच किरकोळ आहे. पण सर्व्हिसिंगसाठी आलेला 70 किलोचा माणूस ब्रॅकेटच्या बाहेरच्या टोकाशी, भिंतीपासून अर्ध्या मीटरवर पाय देऊन उभा राहिला की हीच ओढ 130 किलोवर जाते. ब्रॅकेट माणसासाठी बनवलेले नसते, तरीही त्यावर पाय टाकला जातोच, हे गृहीत धरून बोल्ट निवडणे शहाणपणाचे.

बोल्टांची निवड भिंत ठरवते. अँकर फास्टनर, म्हणजे आवळल्यावर ज्याची नळी छिद्रात फुगून घट्ट बसते असा बोल्ट, हा काँक्रीटसाठी घडलेला आहे. नव्या इमारतींच्या बाह्य भिंती मात्र बहुधा एएसी ब्लॉकच्या असतात. बोलीत सिपोरेक्स म्हटल्या जाणाऱ्या या ठोकळ्यांत हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असल्याने फुगणाऱ्या नळीखाली ते चुरडतात, आणि पाना फिरवताना घट्ट वाटलेला बोल्ट कॉम्प्रेसरच्या कंपनांनी हळूहळू सैल होतो. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला रुंद लोखंडी पट्टी देणे किंवा ब्रॅकेट थेट काँक्रीटच्या तुळईला व खांबाला नेणे हाच खात्रीचा उपाय आहे. जुन्या विटांच्या भिंतीत बोल्ट दोन विटांमधल्या सांध्यात न जाता विटेच्या मध्यात जावा लागतो, आणि गिलाव्याची जाडी बोल्टाच्या पकडीत धरायची नसते. छिद्रातली भुकटी फुंकून काढायला अर्धे मिनिट पुरते, पण ती काढली नाही तर पकड कमी होते. कामाचा दर्जा पारखायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. छज्जा हा ऊन-पावसासाठी पुढे काढलेला पातळ काँक्रीटचा तुकडा असून, जुन्या इमारतींत त्यातल्या सळया गंजून काँक्रीट फुगलेले असेल तर त्यावर पेटी ठेवण्यापेक्षा ती न बसवलेली बरी.

मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्टीत आणि गोव्यात खारा वारा ब्रॅकेटला खातो. नुसता रंग दिलेल्या लोखंडापेक्षा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे ब्रॅकेट महाग पडते, पण रंग सर्वांत आधी जिथे निघतो त्या बोल्टाच्या भोकाशीच गंज धरतो आणि तो पेटीच्या आड असल्याने खिडकीतून दिसत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर दरवर्षी बोल्ट तपासून घेण्याचा ठराव सोसायटीने करणे गैर नाही.

दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे 5.3 किलोवॉट उष्णता काढते आणि त्यात स्वतः वापरलेली वीज मिळवून त्याहून अधिक उष्णता बाहेर फेकते. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत पेटी ठेवली तर तिला स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढावी लागते, दाब चढतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. शिवाय अलीकडच्या बहुतेक यंत्रांतील आर-32 हा शीतक हवेपेक्षा जड आणि सौम्य ज्वलनशील असल्याने गळती झालीच तर ती मोकळ्या हवेत विरून जाईल अशीच जागा हवी. विजेसाठी स्वतंत्र सर्किट, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीची तांब्याची वायर, योग्य एमसीबी आणि खरोखर जमिनीपर्यंत पोहोचणारे अर्थिंग या गोष्टी सर्वश्रुत आहेत, तरी शेवटची गोष्ट मोजून पाहिली जातेच असे नाही.

नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची असते. थोडा शीतक सोडून हवा बाहेर ढकलण्याची जुनी सवय आर-32 च्या बाबतीत धोक्याची आहे. गळती तपासण्यासाठी नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरतात, आणि त्याऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला तर कॉम्प्रेसरमधील तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. घर बदलताना यंत्र काढण्याची क्रियाही अशीच नाजूक आहे. बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालवला की सगळा शीतक पेटीत गोळा होतो, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र लगेच थांबवायचे आणि त्यानंतरच नट सैल करायचा, हा क्रम आहे. घाईत कॉम्प्रेसर चालू असतानाच नट सोडला तर तो नळीतून हवा खेचतो, तेलाची वाफ मिसळलेली ती हवा दाबाखाली तापते आणि डिझेल इंजिनात इंधन पेटते तशी पेटून कॉम्प्रेसर फोडते.

ही सगळी दक्षता ज्याच्या हातून व्हायची तो कारागीर पुष्कळदा खिडकीच्या ग्रीलला दोर बांधून काम करतो, आणि ते ग्रील भिंतीला चार स्क्रूंनी धरलेले असते. संपूर्ण शरीराला आधार देणारा पट्टा आणि तो अडकवण्यासाठी गच्चीवर किंवा खोलीत काँक्रीटमध्ये पक्की केलेली कडी, या दोन्हींचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे. नव्या इमारतींत वास्तुविशारद आउटडोअरसाठी खास कट्टा ठेवतात ही सुधारणाच आहे, परंतु त्या कट्ट्यावर जायला दार नसेल आणि पुढे शोभेसाठी दाट पट्ट्यांची जाळी असेल, तर गरम हवा आत कोंडते आणि कारागिराला पुन्हा खिडकीतूनच बाहेर यावे लागते. त्यामुळे घर घेताना नकाशात हा कट्टा कुठे आहे याबरोबरच त्यावर उभे कसे राहायचे, हेही विचारून घ्यावे.