अडीच रुपयांची नोट

अडीच रुपयांचीही एकेकाळी नोट होती, असे सांगितले तर पुष्कळांना ती थट्टाच वाटेल. पण ती खरोखर होती. पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली, रुपयाची नाणी पुरेनात. तेव्हा सरकारने १९१७ साली एक रुपयाची व १९१८ च्या जानेवारीत दोन रुपये आठ आण्यांची नोट काढली. १९२६ साली दोन्ही काढणे बंद झाले.

ठाण्यातील एका वृद्ध गृहस्थांना अशा नोटा जमविण्याचा छंद आहे. नोट कोणत्या शहरच्या कचेरीतून निघाली हे तिच्यावरील एका इंग्रजी अक्षरावरून कळते. मुंबईचे ‘बी’, लाहोरचे ‘एल’, कराचीचे ‘के’. संग्राहकांचा सारा जीव त्या अक्षरात! अमेरिकेत १८६३ पासून १९३५ पर्यंत गावोगावच्या बँका आपापल्या नावाच्या नोटा काढीत. तेथील छांदिष्टही आपल्या गावच्या नोटेसाठी असेच झुरतात. अक्षराखालोखाल पाहायची ती कागदाची स्थिती. घडी, डाग, टाचणीचे छिद्र यांनी मोल उतरते. आणि ते लपविण्यासाठी कोणी नोट धुतली किंवा तिच्यावर इस्त्री फिरविली, तर आणखीच उतरते.

या गृहस्थांच्या वहीत ‘के’चे पान कित्येक वर्षे रिकामे होते.

एके दिवशी उल्हासनगरहून एक वृद्ध सिंधी बाई त्यांच्याकडे आल्या. फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. त्याच वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. बाईंच्या आईने कराची सोडताना पोथीत ठेवलेली अडीच रुपयांची नोट त्यांनी पुढे केली. तिच्यावर ‘के’ होते.

“नातीच्या औषधाला पैसे हवेत. पाचशे मिळाले तरी पुष्कळ झाले, भाऊ,” बाई म्हणाल्या.

मोल सांगणाऱ्यालाच ती वस्तू हवी असावी, यासारखा अवघड प्रसंग नाही. गृहस्थांनी नोट उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

“बाई, हिला याच्या कितीतरी पट किंमत येईल. तेवढे पैसे माझ्यापाशी नाहीत. उद्या मुंबईला लिलाववाल्यांकडे जाऊ. मी बरोबर येतो. तोवर कुणालाही देऊ नका.”

परतीच्या गाडीच्या गर्दीत नोट दुमडू नये, म्हणून त्यांनी ‘के’च्या पानावरील कोरा पारदर्शक लिफाफा काढला, नोट त्यात घातली आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून बाईंच्या पिशवीत ठेवली.