पू कुणाचा तपासला जातो?

गळू झालं की वस्तीत पहिला सवाल येतो, "आंघोळ करत नाहीस का?" डॉक्टरही तेच विचारतात, जरा सभ्य भाषेत. शुद्ध-अशुद्धतेवर एम.ए.ला भरपूर वाचलं होतं, पण ती कल्पना आज कशी जगते हे दवाखान्याच्या बाकावर जास्त कळतं.

आमच्याकडच्या एक मावशी कंत्राटी सफाई कामगार आहेत. काचा, सुया, ओला कचरा, सगळं उघड्या हातांनी. सहा महिन्यांत काखेत तिसरं गळू. दर वेळी चिरा, पू काढा, पाच दिवसांच्या गोळ्या. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले आणि पू कल्चरला का पाठवत नाही, असं विचारलं. उत्तर आलं, "यांना परवडणार नाही. आणि हे लोक रिपोर्ट न्यायला येत नाहीत." मावशी समोरच बसल्या होत्या! त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "किती लागतील ते सांगा ना."

तिसऱ्या दिवशी त्या स्वतः रिपोर्ट घेऊन आल्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस, मेथिसिलिनला दाद न देणारा. म्हणजे आजवरच्या पेनिसिलिनच्या जातकुळीतल्या गोळ्या वायाच गेल्या होत्या. आराम पडत होता तो चिरून पू काढल्यामुळे.

या जंतूला नाव दिलं अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश सर्जनने, १८८२ मध्ये. गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्याला द्राक्षाच्या घोसासारखे गोल जंतू दिसले होते. आज प्रयोगशाळा तेच काम पुढे नेते. काचपट्टीवर ग्रॅमचा रंग देऊन जंतूचा अंदाज घेतात, मग पू बशीत वाढवतात. उगवलेल्या जंतूंवर औषधाच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ पडलं तर ते औषध चालतं.

आता आंघोळीचं बघा. हा जंतू साधारण दहापैकी तीन निरोगी माणसांच्या नाकात राहतो. बंगल्यातल्याही. त्वचेला चीर पडली की तो आत शिरतो, आणि चिरा कुणाच्या हाताला पडतात हे कामाच्या वाटणीने ठरतं. ही वाटणी या देशात कशी झाली, ते तुम्हाला सांगायला नको. ठेकेदाराकडे हातमोजे मागताना आम्ही हाच रिपोर्ट अर्जाला जोडला. अर्ज पडून आहे.

प्रत्येक गळवाला कल्चर लागत नाही, हेही खरं. लहान गळू निचरा केल्यावर बहुधा बरं होतं. पण पुन्हापुन्हा होत असेल, ताप असेल, मधुमेह असेल, गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर तपासणी मागायचीच. सोबत रक्तातली साखरही.

कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी नमुना घेतला जावा. सुईने ओढलेला पू कापसाच्या बोळ्यापेक्षा चांगला. बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात फॉर्मेलिन नको, त्यात जंतू मरतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. महापालिकेचे दवाखाने आणि वैद्यकीय महाविद्यालयं त्यात येत नाहीत, म्हणून केसपेपर काढण्याआधी रुग्णालय कुणाचं आहे ते विचारून घ्या.